शेवटच्या रांगेतला हात

नागपूर, ११ नोव्हेंबर १९७९

रुपराव,

जयभीम. साडेसात वर्षांनी लिहितो आहे, तेव्हा आधी ओळख देतो. मी बळीराम, कमाल चौकातला लाउडस्पीकरवाला. विसरला असशील तर बरंच, असं एक मन म्हणतं. पण मग पत्र कशाला लिहायचं?

तुझा भिलाईचा पत्ता बापूजींनी शोधून काढला. ते अजून आपल्या विहाराच्या समितीचे अध्यक्षच आहेत, आणि अजून कुणाचं ऐकत नाहीत. येत्या जयंतीला मैदानावर पुन्हा कविसंमेलन घ्यायचं ठरलं आहे. परवाच्या सभेत सगळ्यांसमोर मला म्हणाले, "बळीराम, रुपरावले तू पत्र लिही. तुह्या शब्दावर तो येईन. एका ताटात जेवलेले तुमी." मी मान डोलावली. सभेत मान डोलवायला काय जातं?

तर ये. चौदा एप्रिलला. उतरायला आमच्याकडेच. कौसल्या तुझी आठवण काढते. म्हणजे बोलत नाही, पण वांग्याची भाजी केली की ताट वाढताना जरा थांबते.

माझं म्हणशील तर धंदा बरा आहे. तू होतास तेव्हा एक अँप्लिफायर आणि दोन भोंगे होते, आता दोन अँप्लिफायर आणि आठ भोंगे आहेत. दिवसभर दुकानात सोल्डरिंगचा धूर खायचा, लग्नाच्या मांडवात तारा ओढायच्या, आणि आठ-पंधरा दिवसांत एखाद्या गावाहून बोलावणं आलं की सदरा बदलून कविता म्हणायला जायचं. मुंबईच्या पाहुण्यांनी आपल्या भागातल्या कामगारांच्या कवितांचं पुस्तक काढलं होतं ना, त्यात माझी एक आली. तेव्हापासून लोक 'कवी बळीराम' म्हणतात. दुकानाच्या पाटीवरसुद्धा एका पेंटरनं हौसेनं तसं लिहून दिलं आहे. कौसल्या मात्र आता कार्यक्रमाला येत नाही. शेवटच्या रांगेत उभं राहून हात वर करायला मी दुसरा माणूस ठेवला आहे.

आणि ते बहात्तर सालचं मनात धरू नकोस. त्या संध्याकाळी व्होल्टेज कमी होतं. आपल्या वस्तीतली वीज तुला माहीतच आहे, बल्बातली तार नुसती लाल दिसते. तुझीही छाती तेव्हा चुना-सिमेंटनं भरलेली. यंत्र आणि माणूस कधी कधी एकदमच थकतात. दोष कुणाचाच नाही.

उत्तर लिही. वहिनींना जयभीम, सत्यवतीला आशीर्वाद. आता मोठी झाली असेल.

तुझा
बळीराम


नागपूर, ५ डिसेंबर १९७९

रुपराव,

तुझं कार्ड मिळालं. 'गळा गेला. बोलावू नये.' चार शब्द आणि खाली सही. एवढ्या मोठ्या कार्डावर चार शब्द. पूर्वी तुला जागा पुरत नसे, कडेकडेनं लिहायचास, पत्त्याच्या बाजूलाही एक ओळ घुसवायचास.

मी हे कार्ड बापूजींना दाखवलं नाही. 'कामात आहे, कळवतो म्हणाला' असं सांगून ठेवलं.

आता एक सांगतो, पण वहिनींवर रागावू नकोस. तुझ्या कार्डानंतर दोनच दिवसांनी मनकर्णावहिनींचं पत्र आलं. तुला न सांगता पाठवलेलं. वहिनींनी सांगितलेलं आणि सत्यवतीनं लिहिलेलं. अक्षर तुझ्यासारखंच आहे, डावीकडे झुकणारं. त्यांनी लिहिलं आहे, "भाऊजी, पोरगी चांगली गाते. जयंतीच्या कार्यक्रमात तिच्या शाळेच्या बाईनं नाव दिलं होतं. पन हे म्हनतात, आमच्या घरचा गळा कच्चा आहे, भर सभेत दगा देते, माह्यं झालं तेवढं पुरे. पोरीची फजिती मले पाहाची नाई, म्हनतात. आपल्या कवितांची वही कोठीमागं टाकून ठेवली होती, थे पोरीनं काहाडून पाठ केली. तुमी समजावून सांगा. तुमचं आइकतात ते."

माझं ऐकतोस. बापूजीही तेच म्हणाले होते.

रुपराव, पोरीला गाऊ दे. धंतोलीच्या डॉक्टरांकडे आपण गेलो होतो, आठवतं? मीच तुला सायकलवर नेलं होतं. आरसा लावून त्यांनी तुझा घसा पाहिला, दिवा पाडून पाहिला, आणि म्हणाले की गळा अगदी साफ आहे, थोडे दिवस बोलणं कमी करा, गरम पाणी घ्या. 'अगदी साफ' हे त्यांचे शब्द. मी बाजूच्या स्टुलावर होतो, मी ऐकलेत. तू मात्र 'थोडे दिवस बोलणं कमी करा' एवढंच ऐकलंस आणि महिनाभर तोंड उघडलं नाहीस. भिंतीला बांधलेल्या पाड्यावर उभा राहून वीट हवी असली तरी बोटानं दाखवायचास. मिस्त्री मुका झाला म्हणून मजूर हसायचे. मी रोज संध्याकाळी यायचो, तुझ्यासाठी गरम पाणी करायचो, आणि 'होईल, होईल बरं' म्हणायचो.

तर डॉक्टरांच्या शब्दावर विश्वास ठेव. गळा साफ होता. म्हणजे घराण्याचा दोष वगैरे काही नाही. एवढं पुरे आहे ना?

तुझा
बळीराम

ता. क. वहिनींच्या पत्राच्या अगदी खाली सत्यवतीनं स्वतःच्या मनानं एक ओळ लिहिली आहे. ती इथं लिहावी की नाही, ते मला कळत नाही. लिहीत नाही.


नागपूर, १९ डिसेंबर १९७९

रुपराव,

हे पत्र चौथ्यांदा लिहितो आहे. पहिली तीन चुलीत गेली. कौसल्यानंच टाकली. वाचायची आणि टाकायची. तिसरं टाकताना म्हणाली, "खोटं लिहाचं असन तं मंग कागद कायले खराब करता?"

पहिल्यापासून सांगतो. माझ्या पहिल्या पत्राची कच्ची प्रत दुकानात होती, ती तिच्या हाती लागली. संध्याकाळी मी पाटावर बसलो तर ताट आलं नाही, तो कागद आला.

"व्होल्टेज कमी होतं म्हनता?"

"होतं ना."

"त्या दिवशी तुमचा मशनीचा डबा बॅटरीवर होता. लाइनीचा भरवसा नाई म्हनून बॅटरी आनली होती दुपारीच. मीच डोक्यावर वाहून आनली होती, मले आठवत नाई काय?"

मी कागदाची घडी घालायला लागलो.

"मी हात वर केला होता," ती म्हणाली. "एक नाई, दोन्ही हात केले होते. तुमी पाह्यलं होतं. नंतर म्हनलं, अंधार होता, दिसली नाईस. अंधार नोता, दिवस होता अजून. मी आजवर बोलली नाई, कारन तुमीच बोलसान एखाद्या दिवशी, असं वाटलं मले."

एवढं बोलून ती उठली आणि शेजारी प्रयागबाईंकडे जाऊन बसली. ताट मी स्वतः वाढून घेतलं. जेवलो नाही.

आमच्या धंद्याची रीत तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण तिथूनच सगळं आहे. अँप्लिफायरचा डबा स्टेजच्या कडेला असतो. तिथं बसलेल्याला मागे आवाज किती पोचतो ते कळत नाही. म्हणून शेवटच्या रांगेत आपलं माणूस उभं करायचं. आवाज येत नसेल तर त्यानं हात वर करायचा, आपण बटण वाढवायचं. हात खाली गेला की समजायचं, पोचला. वीस वर्षं मी याच एका हातावर धंदा केला, आणि तो हात माझ्या बायकोचा होता.

बहात्तरच्या जयंतीला मला यादीत यायचं होतं. कवींच्या यादीत. तू म्हणाला होतास, बापूजींना सांगतो. त्या आठवड्यात सदर भागात तुझं स्लॅब टाकायचं काम चालू होतं, तू दिवसरात्र तिथंच होतास, आणि सांगायचं तुझ्या डोक्यातून गेलं. हे मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी मला एवढंच दिसत होतं की बापूजींच्या हातातल्या कागदावर सात नावं आहेत आणि त्यात माझं नाही. दुपारीच माझी कविता म्हणून झाली होती. नेहमीसारखी, माइक टेस्टिंगच्या निमित्तानं, रिकाम्या सतरंज्यांसमोर. मागे कौसल्या उभी. तिनं हात वर केला नाही. म्हणजे नीट ऐकू गेली होती.

मुंबईचे पाहुणे पहिल्या रांगेत येऊन बसले. नागपूरच्या कामगारांतून एकाची कविता घ्यायची आहे असं त्यांनी आधीच कळवलं होतं. तुझा नंबर आला. कामावरून तसाच आला होतास, कानामागे सिमेंट. माइकसमोर उभा राहून तू माझ्याकडे हात केलास आणि म्हणालास, "हा आमचा बळी. आमचा माइकवाला. याच्याबिगर आमचा आवाज तुमच्यापाशी पोचत नाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू कौतुकानं म्हणालास. तुझं मन साफ होतं हे मला तेव्हाही माहीत होतं. पण 'माइकवाला' हा शब्द माझ्याच भोंग्यांतून वस्तीभर गेला.

तू 'ओळंबा' म्हणायला लागलास.

ओळंबा सांगते, भित कुठं वाकली...

पहिली ओळ दोनदा म्हणालास, तुझी रीत होती तशी. लोक गप्प झाले. पाहुण्यांनी खिशातून पेन काढलं. ते पेन पाहिलं आणि माझा हात बटणावर गेला.

एकदम बंद केलं असतं तर बिघाड झाला असं वाटलं असतं, लोक माझ्यावर ओरडले असते. मी तसं केलं नाही. मी ते हळूहळू उतरवलं. नखानं, केसभर केसभर. म्हणजे तुला वाटावं, गळाच बसत चालला आहे. वीस वर्षांची कारागिरी मी त्या एका मिनिटात वापरली. तू जोर लावलास, मी आणखी उतरवलं. तू ओरडून म्हणायला लागलास, तुला ठसका लागला. मागून 'आवाज! आवाज!' सुरू झालं. कुणीतरी म्हणालं, "गळ्यात चुना भरला काय बे मिस्त्रीच्या?" आणि मैदान हसलं. तू गळ्याला हात लावलास. शेवटच्या रांगेत कौसल्याचा एक हात वर होता. मग दोन्ही वर झाले. मी तिच्याकडे पाहिलं. मग डब्यावरच्या काट्याकडे पाहत बसलो, जणू त्यातच काही शोधतो आहे.

दुसरी ओळ तू म्हणालास, पण ती तुझ्या आणि माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेली नाही. मग तू खाली बसलास.

बापूजी म्हणाले, "बळीराम, तोवर तू म्हन काही." मी उठलो. उठायच्या आधी बटण होतं तिथं आणून ठेवलं. मग माइककडे गेलो. माझा आवाज स्वच्छ गेला. पाहुण्यांनी नाव विचारलं.

रुपराव, हे झालं. व्होल्टेज नाही, चुना नाही, तुझी छाती नाही. माझा अंगठा आणि हे एक बोट.

आणि यापेक्षा वाईट ते नंतरचं. एका मिनिटाच्या खोडीला माणूस राग म्हणू शकतो. पण धंतोलीला तुला मागे बसवून सायकल मी मारली. डॉक्टर तुझ्या घशात दिवा पाडत होते, तुझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मी स्टुलावर बसून काळजीचं तोंड केलं होतं. खाई त्याला खवखवे म्हणतात. माझा घसा खवखवला नाही रे. मी महिनाभर तुझ्यासाठी पाणी गरम केलं, तू मुकाट प्यायलास आणि दरवेळी माझ्या खांद्यावर हात ठेवलास. मग एक दिवस पेटी बांधून भिलाईला निघून गेलास. स्टेशनवर पोचवायलाही मीच होतो. गाडी हलली तेव्हा मला हलकं वाटलं. हे लिहायला फार लाज वाटते. पण वाटलं खरं.

सत्यवतीनं पत्राखाली लिहिलेली ओळ आता लिहितो. "काका, बाबांना ज्या डॉक्टरांकडे नेलं होतं, त्यांच्याकडे मला न्याल का? माझा गळा आधीच तपासून घेतला तर बाबा हो म्हणतील."

चौदा वर्षांची पोर. मी या वर्षी मोठ्या कौतुकानं जुन्या वायरी बदलल्या, आणि तुमच्या घरातली ही वायर साडेसात वर्षं उघडी पडून होती. आता तिचा हात तिथं गेला.

तिला सांग. माझं नाव घेऊन सांग. तुझा गळा कधी गेलाच नव्हता.

बळीराम


नागपूर, ३० जानेवारी १९८०

रुपराव,

उत्तर नाही. मी तुझ्या जागी असतो तर मीही दिलं नसतं. रोज दुपारी पोस्टमन कमाल चौकात वळला की माझ्या हातातलं सोल्डरिंग आयर्न थांबतं, आणि तो पुढे गेला की मला सुटल्यासारखं वाटतं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसा हा माझा भित्रेपणा.

समितीच्या सभेत सांगितलं. तुला कळवता यावं म्हणून सांगितलं असं नको समजूस. कौसल्या दारात उभी होती म्हणून सांगितलं. बारा जण होते. सांगून झालं तसा समितीतला धोंडबा हसला आणि म्हणाला, "बळीराम भाऊ, लय पुरानी गोष्ट काहाडली गा. सोडा ना आता." एक-दोघांनी मान हलवली. मला वाटलं, चला, सुटलो. इतकंच होतं तर उगाच घाबरलो.

बापूजी मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि मला विचारलं, "त्या दिवशी मीच तुले म्हनलं होतं ना, तू म्हन म्हनून?"

"हो बापूजी."

"मंग मले काहून पापात ओढलं?"

त्या दिवशी 'गळ्यात चुना' म्हणून हसलेल्यांत आपणही होतो, असं म्हणाले. ते रडले, रुपराव. एम्प्रेस मिलमध्ये पस्तीस वर्षं काढलेला माणूस, कधी रडताना पाहिला नव्हता. मग यादीचा कागद घेऊन माझं नाव स्वतःच्या हातानं खोडलं. यंदा माझं नाव पहिलं होतं. खोडताना कागद फाटला.

पाटीवरचं 'कवी' मी खरवडून काढलं. नीट निघालं नाही, अजून वाचता येतं. गिऱ्हाईक विचारतात, मी 'रंग उडाला' म्हणतो. बघ, अजून खोटं बोलतोच.

कविता होत नाही. पूर्वी तार सोलता सोलता ओळ सुचायची, तू विटेच्या एका थराला एक ओळ म्हणायचास तशी. आता नुसती तार सोलली जाते. काम चांगलं होतं आहे म्हणतात लोक.

कौसल्या माझ्याशी बोलते. जेवायला वाढते. पण 'कार्यक्रमाला येशील का' विचारलं तर म्हणाली, "माह्या हाताचं काय काम आहे तुमाले?"

बळीराम


नागपूर, २२ मार्च १९८०

रुपराव,

तुझं कार्ड काल आलं. या वेळी कार्ड भरलेलं होतं. कडेकडेनंही लिहिलं होतंस. मला पाठ झालं आहे, तरी परत लिहितो, म्हणजे मी बरोबर समजलो की नाही ते तुला कळेल.

'चौदा एप्रिल, संध्याकाळी सहा. आमच्या क्वार्टरांमागचं मैदान. सत्यवती गाणार आहे. तू यावं. माइक, भोंगा, काही आणू नये. इथल्या माइकवाल्याशी बोललो आहे, बटण माझ्या हाती राहील. तू शेवटच्या रांगेत उभा राहशील. आवाज नाही आला तर हात वर कर. मी बघीन.'

'मी बघीन' खाली तू रेघ ओढली आहेस.

चौदा एप्रिलला माझ्या धंद्याची दिवाळी असते. आठही भोंगे त्या दिवशी कामावर असतात, आणि आपल्या मैदानावरचं काम तर पंचवीस वर्षं माझ्याशिवाय कुणी केलेलं नाही. बापूजींना विचारायला गेलो. म्हणाले, "भोंगे ठेवून जाय. तू जाय." एवढंच.

क्षमा केलीस का असं विचारणार होतो. कार्डावर तसा शब्द कुठं नाही, कडेलाही नाही. विचारत नाही.

येतो.

बळीराम


नागपूर, १७ एप्रिल १९८०

रुपराव,

कार्यक्रम संपल्यावर मी थांबलो नाही. वहिनी ताट वाढते म्हणत होत्या. त्यांना सांग, मी रागानं किंवा मानपानानं गेलो नाही. मला तिथं उभं राहवेना.

तुला मी आधी ओळखलं नाही. केस पांढरे झाले आहेत. डब्याशी बसला होतास, मी समोर येऊन जयभीम म्हणालो, तू मान वर केलीस, माझ्याकडे पाहिलंस आणि बोटानं मागची रांग दाखवलीस. पाड्यावरून वीट मागायचास तसंच. मी गेलो.

मैदान मोठं होतं, चारेकशे माणूस. भोंगे जरा खाली बांधले होते तिथल्या माइकवाल्याच्या पोरांनी. मनात म्हटलं, मागे पोचणार नाही आणि मला हात वर करावा लागेल. तुझ्यासमोर. तो हात मी कसा वर करणार होतो? दोन्ही हात मी पाठीमागे घट्ट धरून ठेवले.

सत्यवती आली. तिनं पांढरी साडी नेसली होती, तिला ती मोठी होत होती. माइक तिच्या तोंडाच्या वर होता, तू उठून खाली केलास. ती म्हणायला लागली.

ओळंबा सांगते, भित कुठं वाकली...

दोनदा म्हणाली. तुझ्यासारखीच. तू तिच्याकडे पाहत नव्हतास, रुपराव. बाप असून पोरीकडे पाहत नव्हतास. तू माझ्याकडे पाहत होतास. चारशे माणसांच्या डोक्यांवरून, अंगठा आणि बोट बटणावर ठेवून, एकटक. आठ वर्षांपूर्वी मी जे करायला हवं होतं ते तू मला करून दाखवत होतास.

मग दुसरी ओळ आली.

मानूस कुठं वाकला, थे कोन सांगन?

मी ती ओळ तुझ्या तोंडून शंभरदा ऐकली होती, झोपडीत, सायकलवर, तुझ्या पाड्याखाली उभा राहून. भोंग्यातून कधी ऐकली नव्हती. कुणीच ऐकली नव्हती, माझ्यामुळे. माझ्या पुढच्या रांगेतली एक म्हातारी मागे वळून मला म्हणाली, "काय म्हनलं पोरीनं! आइकलं काय गा?" आणि डोळे पुसले. तिला काय माहीत, ती कुणाला विचारते आहे.

पोरीनं शेवटपर्यंत म्हटली. एक अक्षर पडलं नाही. टाळ्या थांबेनात. मला वाटलं, झालं, आता जाता येईल.

तेव्हा तू उठलास. डबा सोडून माइकपाशी गेलास. पोरीच्या डोक्यावर हात ठेवलास आणि आठ वर्षांनी माइकमध्ये बोललास. "शेवटल्या रांगेतल्या मानसा, आइकू आलं काय?"

तोच आवाज. तसाच्या तसा. जराही कमी नाही, जराही बसलेला नाही. वहिनी पुढच्या रांगेत होत्या, त्यांनी तोंडाला पदर लावला. सत्यवती तुझ्याकडे बघतच राहिली. तिनं तुझा आवाज असा कधी ऐकलाच नसेल.

सगळं मैदान वळून माझ्याकडे पाहायला लागलं. चारशे माणसं. मला 'हो' म्हणायचं होतं. तोंड उघडलं, पण घशातून काही निघालं नाही. नुसती हवा. आणि हात वर करावा, तर आपल्या रीतीप्रमाणे त्याचा अर्थ 'आलं नाही' असा. म्हणून मी हातही वर केला नाही. तसाच उभा राहिलो. तू बराच वेळ थांबलास. मग माइक बाजूला सारलास, आणि मी मैदानातून निघालो.

तुला वाटलं असेल, आताही उत्तर दिलं नाही. म्हणून हे लिहितो आहे. कौसल्या बाजूला बसली आहे, म्हणते, "बाकी काई लिहू नका, तेवढंच लिहा."

आलं, रुपराव. दुसरी ओळसुद्धा ऐकू आली.

बळीराम माइकवाला